गावाची पट्टी

कारखान्याचा चारचा भोंगा झाला की लोक घड्याळाकडे बघतात. मी विज्ञानाच्या कपाटाकडे बघतो. अठरा वर्षं झाली या सवयीला. एरवी भोंगा नुसता कानावरून जातो, पौषात मात्र तो अंगावर येतो. या दिवसांत आमच्या कोपरगावच्या हवेला मळीचा आंबूस-गोड वास असतो. उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर मोठमोठ्यानं गाणी लावून जातात, त्यांच्या मागं रस्त्यावर पाचट उडत राहतं, आणि वाचनालयाची फरशी कितीही झाडली तरी धुराड्यातून आलेली काळी राख तळपायाला लागते. मी फडकं मारतो, खिडकी लावतो, उघडतो, परत लावतो. खुर्चीत बसवत नाही.

पौषात लग्नं नसतात. ही गोष्ट भटजींच्या आणि बँडवाल्यांच्या खेरीज फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. माझ्या राहते. पौषात बँडवाला रिकामा असतो आणि रिकामा बँडवाला वाचनालयात आला तर काय होतं, ते मी पाहिलेलं आहे.

या वर्षी पौष लागायच्या दोन दिवस आधी मनीषाचा फोन आला. मनीषा ही सुखदेव मास्तरांची मुलगी, वडिलांना अप्पा म्हणते. मास्तर म्हणजे पुणतांब्याचे, बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणारे. ही नगरला एका कॉलेजात संगीत शिकवते. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण आमच्या तोंडातून नगर जात नाही.

"काका, एक काम आहे. नव्या संगीतावर काय वाचावं याची एक यादी करतेय, आमच्या कॉलेजच्या अंकासाठी. परदेशात लोकांनी सुरांची मोडतोड करून जे जे प्रयोग केले ना, त्यावरची पुस्तकं. आमची मुलं ते ऐकतात आणि खो-खो हसतात. आधी थोडं वाचलं तर निदान अर्ध्यावर हसायची थांबतील."

"चांगलं आहे की."

"यादीत पहिलं पुस्तक अप्पांचं लाडकं. ते निळं. अप्पांना नाव आठवत नाही. आणि मला त्यातलं ते वाक्य पाहिजे, पान नंबरासकट. 'प्रत्येक गावाला स्वतःची पट्टी असते. वाजवणाऱ्यानं ती आधी शोधावी, मग आपला सूर लावावा.' किती शोधलं मी, कुठंच सापडेना. तुम्हीच वाचून दाखवलेलं ना त्यांना?"

"हो."

"मग पान कळवाल?"

"बघतो."

'बघतो' हा शब्द आमच्या धंद्यात फार उपयोगी पडतो. त्यात हो नसतं, नाही नसतं, आणि समोरचा माणूस आभार मानून फोन ठेवतो.

ते वाक्य तिला सापडणार नाही. ते त्या निळ्या पुस्तकात नाही आणि दुसऱ्या कुठल्या पुस्तकात असल्याचं मला ठाऊक नाही. ते मी केलेलं आहे. एका दुपारी, खुर्चीत बसून, समोरच्याला कळू नये म्हणून.

हे लिहायला अठरा वर्षं लागली. लिहून झाल्यावरही हलकं वाटत नाही. वाटेल असं ऐकलं होतं.

*

ती पुस्तकं आली एका खोक्यातून. कारखान्यातले एक केमिस्ट निवृत्त होऊन मुलीकडे परदेशी निघाले होते. जाताना त्यांनी खोकं वाचनालयाला दिलं. सात इंग्रजी पुस्तकं, सगळी संगीतावरची. मी नोंद करताना विषयाच्या रकान्यात लिहिलं, 'संगीत, प्रायोगिक'. कार्यवाहांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "प्रायोगिक ना? मग विज्ञानात ठेवा. दहावीच्या प्रयोगवह्यांशेजारी." मीही ठेवली. वाद कशाला घालायचा, कुणी बघणार होतं थोडंच.

आणि नेमकं तिथंच मास्तरांनी बघितलं. मनीषा तेव्हा नववीत होती, तिला विज्ञानाचं काहीतरी पुस्तक हवं होतं. पौषातली कोरडी दुपार होती. मास्तर कपाटासमोर उकिडवे बसले आणि त्यांच्या हाती आलं ते निळं पुस्तक. बऱ्याच वेळानं ते माझ्या टेबलापाशी आले. एका पानावर बोट होतं.

"भाऊसाहेब, ह्यो पियानो दुरुस्त करायलेत का मोडायलेत?"

चित्रात पियानो उघडा होता. त्याच्या तारांमध्ये स्क्रू, खिळे, रबराचे तुकडे, एक चमचा अडकवलेला होता.

मी खालची ओळ वाचली. तेवढी सोपी होती. "मुद्दाम घातलंय म्हणे. वेगळा आवाज यावा म्हणून."

मास्तर चित्राकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आमच्या बँडात सलीमच्या ढोलकात एकदा बिब्बा पडला हुता. दोन लग्नं तसंच वाजीवलं. मला ते लई आवडल्तं. कुनाला बोललो न्हाई." आणि परत बोट पुढं केलं. "हितं काय लिव्हलंय?"

इथं माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मी बी.ए. इंग्रजी आहे. पास क्लास. पण गावात तो तपशील कुणी विचारत नाही. कोर्टाची नोटीस आली, विम्याचं पत्र आलं, दुबईहून कुणाच्या पोराचा कागद आला, की माणसं माझ्याकडे येत. मी वाचून सांगायचो. नोटिशीची भाषा ठरलेली असते, चार शब्द ओळखीचे दिसले की बाकीचं कळतं. त्याच्यावर माझा मान होता. रस्त्यानं जाताना पारावरचे लोक म्हणायचे, "बसा सायेब." ते 'बसा' मला फार गोड वाटायचं.

वाचनालय दुपारी बारा ते चार बंद असे. किल्ली माझ्याकडे. त्या पौषात मास्तर सकाळच्या गाडीनं पुणतांब्याहून यायचे, बारा वाजता मी पुढचं दार लावून घ्यायचो, आणि चारच्या भोंग्यापर्यंत आम्ही वाचायचो. मी वाचायचो म्हणजे इंग्रजीवर डोळे फिरवून मराठीत बोलायचो. ते समोर बसून लिहून घ्यायचे. मनीषाची जुनी प्रयोगवही होती त्यांच्याकडे, एका बाजूला रेघा, एका बाजूला कोरं पान. प्रत्येक पानाच्या वर पोरीच्या अक्षरात चार शब्द आधीच लिहिलेले होते: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान.

पहिले काही दिवस खरंच छान गेले. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण नंतरचं सगळं काळं आहे आणि तेवढाच भाग उजेडाचा आहे. आम्ही त्या सातांना नावं दिली होती. एक 'गप्पांचं पुस्तक', त्यात संगीतकारांच्या मुलाखती होत्या. एक 'नकाशांचं', त्यात सूर रेघांवर लिहिलेले नव्हते, ठिपके, वळणं, डाग होते आणि वाजवणाऱ्यानं त्यांच्यावरून वाट काढायची होती. मास्तरांनी एक डाग बघून क्लॅरोनेटवर वाजवून दाखवला, आणि शेजारच्या शिंप्यानं खिडकीतून विचारलं, "मास्तर, म्हस व्यालीय का कुनाची?" मास्तर म्हणाले, "व्हय, पारडू कोपरगावचंच हाय." एक होतं ते नुसतं ऐकण्याबद्दल. त्यात म्हटलं होतं की दार लावायचा आवाज, पाण्याच्या मोटरीचा आवाज, हे सगळं नीट ऐकलं तर संगीतच आहे. मास्तरांना ते फारसं नवं वाटलं नाही. "आमी ह्या आवाजाच्या वर वाजवायचं शिकलो," ते म्हणाले. "ह्ये लोक त्याच्याशी बोलायचं म्हनत्यात. एवढाच फरक."

आज मला कुणी विचारलं, की या विषयावर वाचायला सुरुवात कुठून करावी, तर मी सांगेन गप्पांच्या पुस्तकापासून. बोलणारा माणूस लिहिणाऱ्यापेक्षा कमी लपवतो. मग नकाशांचं, ते वाचायचं नाही, समोर ठेवून काहीतरी वाजवायचं, चमचा-ताट चालेल. ऐकण्याबद्दलचं शेवटी, आणि तेही बाहेर बसून. निळ्या पुस्तकाची शिफारस मी कुणाला करणार नाही. तो दोष पुस्तकाचा नाही.

निळं पुस्तक अवघड होतं. त्यातली वाक्यं दहा-दहा ओळींची, आणि कर्ता कुठं, क्रियापद कुठं याचा पत्ता नाही. मास्तरांना नेमकं तेच पाहिजे होतं, कारण चमच्याचा पियानो त्यात होता. एका दुपारी मी एका परिच्छेदाशी अडकलो. तीनदा वाचला. 'हॉल' एवढाच शब्द ओळखीचा. बाकी सगळं धुकं. मास्तरांची पेन्सिल वहीला टेकलेली. बाहेरून ट्रॅक्टर गेला, त्याचं गाणं गेलं, परत शांतता. ते नुसते थांबले होते. त्यांची वाट बघायची रीतच अशी होती, बँडमध्ये शेवटच्या माणसाला सूर सापडेपर्यंत थांबतात तशी.

'मला हे येत नाही' एवढं म्हणायचं होतं. चार शब्द.

मी म्हणालो, "प्रत्येक गावाला स्वतःची पट्टी असते. वाजवणाऱ्यानं ती आधी शोधावी, मग आपला सूर लावावा."

पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा, वाजवणाऱ्याचा मूळ सूर. पेटीवर काळी एक, पांढरी चार असा असतो तो. हा शब्द मला मास्तरांकडूनच मिळालेला होता, आदल्याच दिवशी. म्हणजे त्यांचाच माल मी त्यांना इंग्रजी म्हणून विकला. पेन्सिल हलली. त्यांनी लिहिलं. मग वर बघितलं, आणि त्या चेहऱ्याचं मी काय सांगू. माणसाला आयुष्यभर जे वाटत आलेलं असतं ते दुसऱ्या देशातल्या कुणी छापून ठेवलेलं सापडलं, की जसा चेहरा होईल तसा.

"गावाची पट्टी," ते म्हणाले. "मी म्हनतच हुतो." त्यांनी खिशातून क्लॅरोनेटच्या तोंडाला लावायची वेताची रीड काढली, जुनी, चिरलेली, आणि खूण म्हणून त्या पानात ठेवली.

पुढं मग सोपं झालं. एकदा घसरल्यावर मला भीती राहिली नाही. अडलं की मी जुळवायचो. चांगलं जुळायचं. कधीकधी मलाच वाटायचं की मी लेखकापेक्षा बरं लिहितोय. हीसुद्धा कबुलीच आहे, आणि पहिलीपेक्षा वाईट.

*

माघात लग्नं सुरू झाली. नदीकाठच्या एका गावात मास्तरांच्या बँडला बोलावणं होतं. नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन मांडवाकडे निघाला, आणि बँड सुरू व्हायला हवा होता. तो सुरू होतो मास्तरांच्या पहिल्या सुरावर. मास्तरांनी सूर दिलाच नाही. डोळे मिटून उभे. त्या गावात पिठाची गिरणी चालू होती, लांब नदीवर पंप होता, आणि मास्तर त्या दोन्हींच्या मधली पट्टी शोधत होते. घोडा फुरफुरला. वाजंत्री एकमेकांकडे बघायला लागले. भटजी मांडवातून हातवारे करायला लागले, मुहूर्त चालला म्हणून. नवरदेवाचा मामा घोड्यापाशी येऊन म्हणाला, "अरं, लग्नाला आलाय का मयतीला? दोन मिनटं श्रद्धांजली द्यायलाय काय?" सगळे हसले. तेवढ्यात मास्तरांना पट्टी सापडली. ती पेटीच्या दोन सुरांच्या मधली होती. त्यांनी ओठ सैल सोडून क्लॅरोनेटचा सूर खाली उतरवला आणि गिरणीला लावून वाजवायला सुरुवात केली. बाकीचा बँड आपल्या नेहमीच्या सुरात. काय झालं असेल त्याची कल्पना करा. मुहूर्त हुकला, आणि बँडच्या मालकांना, नानांना, साऱ्या मांडवापुढं हात जोडावे लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना आणि मास्तर माझ्याकडे आले. नाना जाड, घामेजलेले, खुर्चीत न बसता उभेच.

"सायेब, ह्यो म्हनतो पुस्तकात लिव्हलंय. इंग्रजी पुस्तकात. दाखवा मला. लिव्हलं असंल तर मी ह्याच्या पाया पडतो, हितंच, तुमच्यासमोर."

"दाखवा भाऊसाहेब," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. "निळं पुस्तक. मी रीड घालून ठिवलीय पानात."

निळं पुस्तक माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होतं, माझ्या गुडघ्याला लागून. त्या दिवसांत मी सकाळी लवकर येऊन चोरून डिक्शनरी घेऊन बसत होतो, आपण काय काय खोटं सांगितलं ते शोधायला. सगळं कळत नव्हतं. पण त्या पानावर गाव नाही आणि पट्टी नाही, एवढं कळलं होतं.

मी म्हणालो, "पुस्तक बाहेर गेलंय."

नाना हसले. "कोनी नेलं? तुमच्याबगर इंग्रजी वाचनारा हाय कोन गावात?"

"नाशिकचे एक वाचक आहेत."

"मग येऊ द्या की," मास्तर नानांना म्हणाले. "आल्यावर दाखवू. जरा दम धरा नाना."

"दम लई धरला काल मांडवात," नाना म्हणाले. "तू आता पुस्तकच वाजीव बाबा. माझ्याकडं येऊ नको."

जाताना मास्तरांनी दारातून मागं वळून बघितलं. रागानं नाही. माझी अडचण झाली म्हणून त्यांनाच वाईट वाटत होतं. मी हसलो. मी हसलो होतो, हे मला आठवतं.

नानांनी परत बोलावलं नाही. दुसऱ्या बँडांनीही नाही, कारण अशा गोष्टी लग्नातून लग्नात जातात. मास्तर कारखान्यात हंगामी लागले, गव्हाणीवर, जिथं उसाच्या मोळ्या पट्ट्यावर टाकतात. 'पट्ट्यावर' हा शब्द लिहिताना आत्ता हात थांबला. कारखाना बंद असेल तेव्हा ते एक छोटी सूरपेटी पिशवीत घालून गावोगाव हिंडायला लागले. आणि दर पौषात, सुट्टीच्या दिवशी, वाचनालयाच्या दारात उभे. "भाऊसाहेब, आलं का पुस्तक?" चार पौष त्यांनी विचारलं. पाचव्या पौषात आले, पेपर वाचला, हवापाण्याचं बोलले आणि गेले. विचारलं नाही. विचारण्यापेक्षा ते मला जड गेलं. त्याच वर्षी मी ते पुस्तक जीर्ण पुस्तकांच्या यादीत टाकलं आणि घरी नेलं. माझी बायको माळा आवरताना म्हणाली, "बाहेर गेलेलं पुस्तक आपल्या माळ्यावर कसं काय आलं?" तिला सगळं माहीत होतं. त्यानंतर कधीमधी ती एवढंच विचारायची, "वाळवी नाही ना लागली?" पुस्तकाबद्दल विचारतेय की माझ्याबद्दल, ते मी कधी विचारलं नाही.

*

मनीषानं फोननंतर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले. अप्पांच्या वह्यांचे. तीन प्रयोगवह्या भरल्या होत्या. मी चष्मा पुसून पुसून वाचत होतो.

'गाव: पुणतांबा. साहित्य: सूरपेटी. कृती: रेल्वेच्या पुलाखाली बसलो. निरीक्षण: मालगाडी गेली की मागं पाणी गुणगुणतं. अनुमान: पांढरी तीन, जरा उतरलेली.'

'गाव: कोपरगाव. कृती: गव्हाणीवर काम करता करता. निरीक्षण: भोंगा एक सूर, मिलचे रोळ दुसरा. अनुमान: हंगामात काळी दोन. बंद असताना सांगता येत न्हाई.'

'गाव: खर्डा. साहित्य: सूरपेटी, टॉवेल. कृती: किल्ल्याच्या बुरजाखाली उभा राहिलो. निरीक्षण: वारा भोकातून येतो, दोन सूर निघतात. अनुमान: एका गावाला दोन पट्ट्या असू शकतात का? भाऊसाहेबांना इचारणे.'

खर्डा म्हणजे जामखेड तालुका, जिल्ह्याचं दुसरं टोक. तीन एसट्या बदलून हा माणूस तिथं गेला, टॉवेल घेऊन, माझं वाक्य तपासायला. आणि शंका आली तर मला विचारणार होता. विचारलं नाही, कारण पुस्तक नाशिकला होतं.

फोटोंखाली मनीषानं लिहिलं होतं, 'काका, मी मुलांना हेच करायला लावते. गावी जा, पट्टी शोधा, मग वाजवा. म्हणून ते वाक्य यादीत हवंच. अंक रविवारनंतर छापायला जातो.'

मी दोन दिवस जेवलो नीट नाही. तिसऱ्या दिवशी माळ्यावर चढलो. वाळवी लागली नव्हती.

रविवारी ती कोपरगावला आली. मी पुस्तक तिच्यासमोर ठेवलं. रीड होती तिथंच होती, पिवळी पडलेली. तिनं पान उघडलं, उभ्या उभ्याच वाचलं आणि हसली.

"काका, हे पान नव्हे. इथं तो लेखक तक्रार करतोय. कार्यक्रमाला कुणी हॉल देईना, एका हॉलवाल्यानं शेवटच्या दिवशी कळवलं, असलं काहीतरी."

"तेच पान आहे."

"मग ते वाक्य?"

"ते माझं."

ती हसायची थांबली. मी सगळं सांगितलं, ड्रॉवरचंसुद्धा. शेवटी तिनं पुस्तक मिटलं, रीड आत ठेवूनच, आणि माझ्याकडे सरकवलं.

"यादीतून मी ते काढते," ती म्हणाली. "पण अप्पांना मी सांगणार नाही. तुम्ही वाचून दाखवलं होतं, तुम्हीच सांगायचं."

"हो."

"आणि काका, 'बघतो' म्हणू नका."

*

पुणतांब्याला मी दुपारच्या गाडीनं गेलो. गाडी पुलावर आली तेव्हा मी खिडकीशी कान लावला, पांढरी तीन ऐकू येते का बघायला. मला सुरातलं काही कळत नाही. नुसता खडखडाट आला.

मास्तर ओट्यावर ऊन खात बसले होते. पुढचे दात गेलेत, त्यामुळं क्लॅरोनेट बंद आहे. मला बघून उठायला लागले, आणि त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली.

"आलं व्हय पुस्तक?"

"आलं."

"लई लांब गेल्तं," ते म्हणाले आणि मनापासून हसले. "बसा, बसा."

ते 'बसा' ऐकून माझे पाय उभेच राहिले. मी उभ्यानंच सांगितलं. लांबवलं नाही. वाक्य मी केलं. मला इंग्रजी तेवढं येत नव्हतं, अजून येत नाही. सुरातलं तर काहीच येत नाही.

त्यांनी बराच वेळ पुस्तकावर हात फिरवला. "तुमी क्येलं?"

"हो."

"सुरातलं कळत न्हाई अन् क्येलं?"

"हो."

"मंग चांगलं क्येलं की." पण हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मग एकदम वर बघून विचारलं, "नाना आल्ता त्या दिशी. तवा पुस्तक कुठं हुतं?"

याच प्रश्नाची मला भीती होती. मनीषाला ड्रॉवरचं मी आपणहून सांगितलं होतं, त्यांच्यापुढं ते गाळलं होतं.

"ड्रॉवरमध्ये."

"कंच्या?"

"टेबलाच्या. माझ्या गुडघ्यापाशी."

"गुडघ्यापाशी," ते म्हणाले. "वाक्याचं जाऊ द्या भाऊसाहेब. वाक्य कुनीबी करतं. मी तितं हुबा हुतो. तुमच्या गुडघ्यापासनं दोन हातावर." ते उठले आणि आत गेले.

दार उघडंच होतं. आतून काही आवाज येत नव्हता. मी ओट्याखाली उभा. रस्त्यानं उसाची बैलगाडी गेली, पुलावरून मालगाडी गेली, आणि ती गेल्यावर मागं खरंच काहीतरी गुणगुणत राहिलं, की मला तसं वाटलं, कोण जाणे. निघून जावं असं तीनदा वाटलं. त्यांनी मला जा म्हटलं नव्हतं आणि थांब म्हटलं नव्हतं. मी माफीचे शब्द जुळवायला लागलो, आणि जुळायला लागले तसं माझं मलाच नको झालं. मला जुळवता चांगलं येतं, हीच तर अडचण आहे.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात नवी प्रयोगवही होती, आणि पेन्सिल. ओट्यावर बसले. पुस्तक माझ्याकडे केलं, रीडच्या पानावर उघडून.

"वाचा."

"मास्तर, ते हॉलबद्दल..."

"जे आसंल त्ये. आलं तेवढं सांगा. न्हाई आलं तर न्हाई आलं म्हना."

मी त्यांच्याशेजारी बसलो. पहिली ओळ सांगितली. दुसरी अर्धी सांगितली. तिसऱ्या ओळीत एक लांबलचक शब्द होता आणि त्याच्यापुढं सगळं वाक्य कुठंतरी वळून गेलं होतं. मी परत वाचलं. मास्तर थांबले होते, पेन्सिल वहीला टेकवून, तसेच.

"हे मला येत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि लिहायला लागले. मोठं अक्षर आहे, मला शेजारून वाचता आलं. साहित्य: निळे पुस्तक. कृती: भाऊसाहेबांनी वाचले. निरीक्षण: भाऊसाहेबांना आले नाही.

खाली अनुमान लिहून त्यांनी पुढं दोन ठिपके दिले. पेन्सिल तिथंच राहिली. मी बघत होतो. पुढं त्यांनी काही लिहिलं नाही.

"म्होरं वाचा," ते म्हणाले.